विलंबाचा धनी कोण?

शासनाने दिलेले वचन आणि शासनाने दिलेला पैसा यांच्यामध्ये जे अंतर असते, ते मोजण्याचे माप आपल्या प्रशासनाने अद्याप तयार केलेले नाही. वचनाची तारीख शासननिर्णयावर छापलेली असते आणि पैशाची तारीख बँकेच्या पासबुकात उमटते. या दोन तारखांच्या दरम्यान एखाद्या निराधार वृद्धेने तहसील कचेरीची पायरी किती वेळा चढली, किराणा दुकानदाराने उधारी केव्हा बंद केली आणि औषधाची बाटली किती दिवस रिकामी राहिली, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात होत नाही. नोंद नाही म्हणून चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणून जबाबदारीही नाही. कल्याणकारी राज्याच्या संकल्पनेला लागलेली ही कीड वरवर क्षुल्लक दिसते. पण शासनाच्या शब्दावर ज्यांचे जगणे अवलंबून आहे, त्यांच्या दृष्टीने सारा प्रश्न येथेच येऊन थांबतो.

भंडारा जिल्ह्याचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. मालगुजारांच्या काळातील तलाव आजही येथील शेतीचा आधार आहेत. परंतु धानाच्या एका पिकावर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेला वर्षभर हाताला काम देता येत नाही. आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मळणी; त्यानंतर ज्यांना उन्हाळी धानासाठी पाणी नाही, त्या गावांतील भूमिहीन मजुराला एक तर नागपूरची वाट धरावी लागते, नाही तर रोजगार हमीच्या कामावर फावडे उचलावे लागते. तलावातील गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, पांदण रस्ते बांधणे ही कामे उन्हाळ्यात चालतात. त्यांची मजुरी मृग नक्षत्रापूर्वी हाती आली तर ती बियाण्याला, घराच्या कौलांना आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडते. तीच मजुरी श्रावणात आली, तर ती सावकाराच्या व्याजात जाते. रक्कम तीच असली, तरी तिचे मोल तेच राहत नाही. सरकारी हिशेबात विलंब म्हणजे केवळ तारखांमधील फरक. मजुराच्या हिशेबात तो रकमेतील तूट असतो.

फावडे उचलण्याचे वय ज्यांचे उरले नाही, त्यांची स्थिती याहून कठीण. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० मध्ये सुरू झाली; पुढे वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली. दरमहा मिळणारी रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १००० रुपये आणि २०२३ मध्ये १५०० रुपये झाली. महागाईच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी आहे, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञाची गरज नाही. पण ती नियमित आली तर तिच्यात एक सामर्थ्य असते. घरातील सून सासूला ताट वाढताना तोंड वाकडे करीत नाही, दुकानदार महिनाअखेरीपर्यंत थांबतो, एकट्या राहणाऱ्या विधवेला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. हे सामर्थ्य रकमेच्या आकारातून जितके येते, तितकेच तिच्या नियमितपणातून येते. अनियमित अनुदान हे भिक्षेच्या जवळ जाते, आणि भिक्षा देण्यासाठी राज्यघटना लिहिली गेली नव्हती. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य देण्याची तरतूद राज्याने करावी, असे घटनेचे ४१ वे कलम सांगते. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यातून लोकसभेसाठी उभे होते. त्यांचा पराभव झाला; पण भंडाऱ्याच्या मतदाराला ४१ व्या कलमाशी नाते सांगण्याचा अधिकार त्यामुळे कमी होत नाही.

वाट बदलली, वाटसरू मागे राहिला

डिसेंबर २०२४ पासून या योजनांचे अनुदान थेट लाभ हस्तांतरणाच्या पद्धतीने आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात टाकण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. निर्णयामागील हेतू वाईट नव्हता. पूर्वी पैसा जिल्ह्याकडून तहसीलकडे, तहसीलकडून बँकेकडे असा टप्प्याटप्प्याने जाई आणि प्रत्येक टप्प्यावर थबकत असे. मधले टप्पे गाळले म्हणजे विलंब टळेल आणि बनावट नावेही गळतील, ही अपेक्षा तर्कशुद्ध होती. तथापि जुनी वाट बंद करण्यापूर्वी नव्या वाटेवरून शेवटचा वाटसरू चालू शकतो की नाही, हे पाहण्याची तसदी पुरेशी घेतली गेली नाही. ज्यांच्या आधार क्रमांकाची पडताळणी पूर्ण झाली नव्हती, ज्यांचे खाते आधारशी जोडलेले नव्हते, ज्यांच्या नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारचे होते किंवा कष्टाने ज्यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले होते, त्यांचे अनुदान अडकले.

येथून जो खेळ सुरू होतो, तो ग्रामीण महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचा आहे. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील एखाद्या खेड्यातून वृद्ध मनुष्य बसने तालुक्याला येतो. तहसीलमध्ये सांगतात, ‘पैसे वरून सुटले, बँकेत विचारा.’ बँकेत सांगतात, ‘खाते आधारशी जोडलेले नाही, केवायसी करा.’ आधार केंद्रात सांगतात, ‘मोबाइल क्रमांक जोडलेला नाही, उद्या या.’ प्रत्येकजण आपल्यापुरते खरेच बोलत असतो. कोणी लाच मागितलेली नसते, कोणी उद्धटपणा केलेला नसतो. तरीही तो मनुष्य संध्याकाळी रिकाम्या हाताने परततो आणि १५०० रुपयांच्या आशेत भाड्याचे पैसे खर्ची पडतात. दोष सर्वांत विभागला गेला की तो कोणाचाच उरत नाही, हे आधुनिक प्रशासनाचे विदारक वैशिष्ट्य आहे. लाभार्थ्याने दरवर्षी हयातीचा दाखला देऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावयाचे. कचेरी जिवंत आहे, हे सिद्ध करण्याचे बंधन मात्र कचेरीवर नाही.

कायदा होता, भरपाई कोठे होती?

रोजगार हमीच्या बाबतीत निदान कायदा अधिक स्पष्ट होता. ही कल्पना मुळात महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली, शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून तिच्यासाठी पैसा उभा करण्यात आला आणि १९७७ च्या अधिनियमाने तिला हक्काचे रूप मिळाले; तो अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. याच बीजातून पुढे केंद्राचा २००५ चा ग्रामीण रोजगार हमी कायदा उगवला. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार मजुरी आठवड्याला आणि कोणत्याही परिस्थितीत पंधरवड्याच्या आत द्यावयाची होती. हजेरीपट बंद झाल्याच्या सोळाव्या दिवसापासून थकलेल्या मजुरीवर दररोज ०.०५ टक्के दराने भरपाई देण्याची तरतूद त्याच्या अनुसूचीत होती, आणि ती रक्कम विलंबास कारणीभूत असलेल्यांकडून वसूल करण्याचीही अपेक्षा होती.

या भरपाईचा हिशेब एकदा मांडून पाहावा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातील मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. सहा दिवसांच्या कामाचे १८७२ रुपये झाले. ते थकले तर दिवसाला भरपाई सुमारे ९४ पैसे. महिनाभर उशीर झाला तर २८ रुपये. दरसाल हिशेब केला तर हा दर १८ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे तो कमी नाही; परंतु मूळ मजुरीच इतकी अल्प की भरपाईची भीती कोणाला वाटू नये. बरे, तीही सुखासुखी मिळत असती तर गोष्ट वेगळी. ती मंजूर की नामंजूर करावयाची हे तालुका पातळीवरील अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असे, आणि ‘निधी उपलब्ध नाही’ हे नामंजुरीचे एक मान्य कारण होते. ज्याने पैसे द्यावयाचे त्याच्याकडे पैसे नाहीत, म्हणून उशिराबद्दल तो दोषी नाही! हा न्याय सावकारानेही आपल्या कुळाला कधी लावला नसेल.

याहून गंभीर बाब पुढेच आहे. मजुरीच्या प्रवासाचे दोन टप्पे असत. हजेरीपट बंद झाल्यापासून वेतन वर्ग करण्याचा आदेश निघेपर्यंत पहिला टप्पा राज्याचा. आदेश निघाल्यापासून रक्कम खात्यात पडेपर्यंत दुसरा टप्पा केंद्राचा. भरपाईची गणना केवळ पहिल्या टप्प्यातील विलंबावर होत असे. ग्रामरोजगार सेवकाने हजेरीपट दोन दिवस उशिरा भरला तर त्याच्यावर बोट ठेवता येत होते. दिल्लीत निधी दोन महिने अडला तर यंत्राच्या लेखी विलंब झालाच नव्हता. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या ऑगस्ट २०१७ च्या टिपणातच निधीची उपलब्धता हे विलंबाचे एक कारण म्हणून मान्य केलेले होते. ‘स्वराज अभियान’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०१८ रोजी दिलेल्या निकालात, या दुसऱ्या टप्प्याची जबाबदारी केंद्र सरकारला झटकता येणार नाही आणि मजुराला त्याचीही भरपाई मिळाली पाहिजे, अशी स्पष्ट भूमिका घेतली. निकाल स्वागतार्ह होता. परंतु निकालानंतरही व्यवस्थेची चाल फारशी बदलली नाही.

उलट २०२१ मध्ये एक विचित्र प्रयोग झाला. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर अशा वर्गवारीने मजुरीचे वेगवेगळे आदेश काढण्याची पद्धत केंद्राने सुरू केली. एकाच तलावाच्या पाळीवर एकाच आठवड्यात खपलेल्या मजुरांपैकी काहींना पैसे आधी मिळाले, काहींना नंतर. गावागावांत संशय आणि कटुता निर्माण झाली. टीका झाल्यावर त्याच वर्षी ती पद्धत मागे घेण्यात आली. पण ती कोणी सुचवली, परिणामांचा विचार का झाला नाही आणि ज्यांचे पैसे रखडले त्यांचे काय, या प्रश्नांची उत्तरे कोणी दिली नाहीत. २०२५ च्या प्रारंभी तर ग्रामीण विकासविषयक संसदीय स्थायी समितीलाच नमूद करावे लागले की, देशभरात या योजनेची थकबाकी २३ हजार कोटी रुपयांहून अधिक असून त्यातील १२ हजार कोटींहून अधिक रक्कम मजुरीची आहे. ८६ हजार कोटींच्या वार्षिक तरतुदीच्या पाव हिश्श्याहून ही थकबाकी मोठी होती. वर्षाचा आरंभच जुने देणे फेडण्यात होणार असेल, तर पंधरवड्याची मुदत कागदावरच राहणार, हे उघड आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा ग्रामीण रोजगार कायदा संमत केला. कामाचे दिवस शंभरावरून सव्वाशे झाले आणि बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी ठरली. नव्या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे होऊ शकेल. येथे प्रश्न एवढाच की, एका तिजोरीतून पैसा वेळेवर येत नव्हता, तेथे दोन तिजोऱ्या एकमेकींची वाट पाहत बसल्या तर त्या प्रतीक्षेचा खर्च कोण सोसणार?

जबाबदारीची परंपरा आणि तिचा ऱ्हास

प्रशासनाच्या चुकीची जबाबदारी मंत्र्याने घ्यावी, हा संकेत संसदीय लोकशाहीचा प्राण मानला जातो. इंग्लंडमध्ये १९५४ साली क्रिचेल डाउन येथील जमिनीच्या प्रकरणात अधिकाऱ्यांच्या वागणुकीबद्दल शेतीमंत्री सर टॉमस डग्डेल यांनी राजीनामा दिला. आपल्याकडे मुंदडा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही असा निष्कर्ष काढला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. अलीकडची उदाहरणेही आहेत. बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो कुटुंबांना चुकीने लबाड ठरवून त्यांच्याकडून वसुली केल्याबद्दल नेदरलँड्सच्या संपूर्ण मंत्रिमंडळाने जानेवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियात यंत्राच्या साहाय्याने गरिबांवर लादलेल्या बेकायदा वसुलीची एका शाही आयोगाने चौकशी केली आणि २०२३ मध्ये आपला कठोर अहवाल सादर केला.

या प्रकरणांत आणि आपल्या विलंबात एक फरक आहे. तेथे अन्याय दिसला, मोजला गेला. विलंबाला घटनास्थळ नसते आणि त्याचा पंचनामा होत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागून १० बालके दगावली, तेव्हा सारे राज्य हादरले. चौकशी समिती नेमली गेली, अधिकारी निलंबित झाले. ती कारवाई पुरेशी होती काय, हा वाद बाजूला ठेवला, तरी शासनाला उत्तर द्यावे लागले हे खरे. परंतु अनुदान थकल्यामुळे जो वृद्ध औषधाविना खंगतो, त्याच्या घरी कोणती समिती जाते? आगीचा धूर मंत्रालयापर्यंत दिसतो. थंड पडलेल्या चुलीचा धूर निघतच नाही.

महाराष्ट्रात दप्तरदिरंगाईला आळा घालणारा कायदा नाही असे नव्हे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम २००६ पासून लागू आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे धारिका सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे त्याचे दहावे कलम सांगते आणि हेतुपुरस्सर विलंबाबद्दल शिस्तभंगाची कारवाई सुचवते. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. दोन्ही कायदे उपयुक्त आहेत. पण पहिला कायदा टेबलावरचे दिवस मोजतो, आणि दुसऱ्याचा भर अधिसूचित केलेल्या सेवांवर, विशेषतः अर्ज करून मिळणाऱ्या दाखले-परवान्यांवर आहे. दहा टेबलांवर धारिका प्रत्येकी सहा दिवस राहिली, तर कोणाचाही दोष नाही आणि नागरिकाचे साठ दिवस मात्र गेलेले असतात. लाभार्थी पासबुकावर जे दिवस मोजतो, ते मोजणारा कायदा अजून व्हावयाचा आहे.

क्षमता आहे, निकड नाही

विलंबाचे समर्थन नेहमी दोन प्रकारांनी होते. यंत्रणा अपुरी आहे, हा एक. निधी नाही, हा दुसरा. दोन्हींत काही तथ्य आहे. तहसीलमधील एका लिपिकाकडे हजारो प्रकरणे असतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते १७ ऑगस्टपर्यंत एक कोटीच्या आसपास महिलांच्या खात्यात पोचले, आणि विधानसभा निवडणुकीच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते एकत्र, आगाऊ देण्यात आले. यंत्रणा हीच, बँका याच, आधारही हाच. त्या महिलांना पैसे मिळाले यात वावगे काही नाही, मिळालेच पाहिजेत. मुद्दा असा की सुट्टीच्या दिवशीही शिबिरे भरवून, अंगणवाडी सेविकांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना कामाला लावून दोन महिन्यांत जे साधता येते, ते निराधारांच्या बाबतीत साधत नाही. याचे कारण क्षमतेत नाही, निकडीत आहे. निराधारांचे मतदान विखुरलेले, आवाज क्षीण, संघटना दुबळी. त्यांचे पैसे चुकले तर कोणाचे आसन डळमळत नाही.

निधीच्या सबबीबद्दलही थोडे बोलले पाहिजे. शासनाकडे पैसा मर्यादित असतो, हे कोणीही नाकारणार नाही. प्रश्न अग्रक्रमाचा आहे. शासकीय वेतन हे टाळता न येणारे देणे मानले जाते, आणि ते योग्यच आहे. मग मजुरी आणि निराधारांचे अनुदान हे उरल्यास द्यावयाचे देणे का मानावे? ज्याच्या घरात महिन्याची तरतूद आहे त्याची तारीख पक्की आणि ज्याच्या घरात दिवसाचीही तरतूद नाही त्याची तारीख अनिश्चित, ही व्यवस्था नैतिक दृष्ट्या उलटी आहे.

उपाय फार गूढ नाहीत. पहिला, अनुदानाचा दिवस नियमाने निश्चित व्हावा आणि तो चुकल्यास भरपाई आपोआप, अर्जाविना, मूळ रकमेबरोबरच खात्यात पडावी. विलंब राज्याचा की केंद्राचा हा हिशेब सरकारांनी आपसात करावा, मजुराला त्यात गोवू नये. दुसरा, पैसे देण्याची पद्धत बदलताना जुनी पद्धत तत्काळ बंद करू नये; ज्याचे पैसे नव्या मार्गाने पोचले नाहीत, त्याला ते जुन्या मार्गाने मिळत राहावेत. तिसरा, ज्यांचे पैसे परत गेले वा अडले, त्यांची संख्या, कारण आणि दुरुस्ती करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. दुरुस्तीसाठी लाभार्थ्याने कचेरीत जाण्याऐवजी कचेरीने त्याच्या गावात यावे. चौथा, जिल्हानिहाय विलंबाचे वार्षिक विवरण विधिमंडळाच्या पटलावर ठेवले जावे आणि संबंधित मंत्र्याने त्यावर निवेदन करावे. यातील कशालाही नवे खाते वा नवी इमारत लागत नाही. लागते ती विलंब ही चूक आहे, निसर्गनियम नव्हे, हे मान्य करण्याची तयारी.

खालच्या कर्मचाऱ्याला बळीचा बकरा बनवून हा प्रश्न सुटणार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. एखाद्या लिपिकाला निलंबित केल्याने वृत्तपत्रात बातमी येते. पैसे येत नाहीत. उत्तरदायित्वाचा खरा अर्थ शिक्षेत नसून उत्तरात आहे. कोणत्या पायरीवर, कोणत्या निर्णयामुळे, किती लोकांचे, किती दिवस पैसे अडले आणि ते पुन्हा अडू नयेत म्हणून काय केले, हे ज्यांचे पैसे अडले त्यांना समजेल अशा भाषेत सांगणे म्हणजे उत्तर. भंडाऱ्याच्या ग्रामसभेत एखाद्या वृद्धेने उठून ‘माझ्या तीन महिन्यांचे काय झाले?’ असे विचारले, तर तिला ‘वरून आले नाही’ एवढेच ऐकावे लागते. हे ‘वर’ म्हणजे नेमके कोण, याचे नाव, हुद्दा आणि तारीख तिला सांगता येईल, त्या दिवशी आपल्या प्रशासनाने जबाबदारीची पहिली पायरी चढली असे म्हणता येईल.